चार इंची ग्रॅनाइट

न्हाय न्हाय सर, चार इंची ग्रॅनाइट मी देणार न्हाय — बसा आधी, त्या पोत्यावर नको, पँटीला भुकटी लागंल, हितं स्टुलावर बसा. भाईरची पाटी वाचलीत की तुमी, गुरुबसप्पा, कबरीच्या फरश्या आन नावाच्या पाट्या — चाळीस वर्सं नावंच कोरतोय, जित्यांची दारावर आन मेलेल्यांची मातीवर. गिऱ्हाइकाला माल नको म्हणणारा दुकानदार अख्ख्या सोलापुरात मी एकटाच, कबूल. पण तुमी आईच्या फरशीसाटी चिठ्ठीवर काय लिवून आणलंय ते वाचा की जरा मोठ्यांदी. ‘पुनरुत्थानाच्या आशेत विसावली.’ म्हंजी आई उटणार. उटणार का न्हाय? मंग उटणाऱ्या बाईच्या छातीवर तीन-चारशे किलोचा धोंडा कशापायी ठेवताय — शाळेत विज्ञानच शिकवता नव्हं तुमी, अनिलकुमार सर?

रागावू नका. तुमच्या आशेवरच माजं घर चालतंय, मी कशाला तिला नावं ठेवू. चाळीस वर्सांत तुमच्या लोकांच्या इतक्या फरश्या बसवल्या की मला आता समदं तोंडपाठ हाय. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला — का, तर प्रभू पूर्वेकडनं येणार, कर्णा वाजणार, आन मेलेला माणूस सरळ उभा ऱ्हायला की तोंडासमोर प्रभू, मान वळवायची बी गरज न्हाय. लई बारीक विचार केलाय. एकदा माज्याकडनं एक फरशी उलटी बसली, नाव पायाकडं गेलं — पास्टर धावत आले, म्हणले, गुरुबसप्पा, ही फरशी बगून शेजारचा खड्डाच उलटा खणतील की पुढच्या येळी, मंग त्यातला माणूस उटून प्रभूकडं पाठ करंल. मी म्हणलं, वळंल की, एवढी वर्सं वाट बगितलेला माणूस तेवढं बी करणार न्हाय व्हय? न्हाय चालत म्हणले. मंग काढली, फिरवली, परत बसवली.

आन आत्मा? कर्णा वाजंस्तवर आत्मा कुटं असतोय, ते सांगा. तुमाला बी न्हाय ठाव, कसं सांगणार. मी एका पास्टरना इचारलं, ते म्हणले झोपलेला असतोय. त्यांची बदली झाली, दुसरे आले, त्यास्नी इचारलं, ते म्हणले छे, तवाच्या तवा प्रभूपाशी पोचतोय. चर्च तेच, खुर्ची तीच. म्हंजी माणूस एक आन पत्ते दोन — आधार कार्डाला सुदिक चालत न्हाय हे.

आमच्यात हा घोळच न्हाय. आमी लिंगायत, आमी बी पुरतोच, पण बसवून — मांडी घालून, हातात लिंग, भोवती इभूत. परत यायचं न्हाय, उटायचं न्हाय, शिवात मिसळायचं, इषय संपला. पास्टरना मी चिडवायचो — सायेब, तुमचा कर्णा खरंच वाजला तर बगा, तुमचे लोक आधी कुशीवर वळणार, कोपरावर येणार, कण्हणार, आन आमचे आधीच निम्मे उटून बसलेले, पयला नंबर आमचाच. लई हसायचे. पंधरा वर्सं ही एकच थट्टा केली मी, लग्नात केली, मयतीत केली. आता करत न्हाय.

का म्हंजी? — तुमच्या आई, सिस्टर, काय बोलल्या न्हाईत व्हय तुमाला? बरोबर, तुमी जुळे सोलापूरला फ्लॅटात गेलात, सिस्टर मात्र आमच्या गल्लीतच ऱ्हायल्या, गल्लीतलं कोण सांगतंय तुमाला. दवाखान्यातनं रिटायर झाल्या तरी गल्लीला सिस्टरच. माज्या बायकोला, सुंदरम्माला, रोज सांजच्याला शुगरचं इंजेक्शन द्यायला यायच्या तुमच्या आई. इंजेक्शन दोन मिन्टांचं आन बसायच्या तासभर. आन त्या तासात काय, तर हेच — मेलेले कसे उटणार, शरीर कसं नवं मिळणार. मी हितं छिन्नी घेऊन बसलेला, कान तिकडं. मनात म्हणायचो, बोला बोला, फुकट करमणूक हाय.

सुंदरम्मा काय तुमच्यात आली न्हाय हां. गळ्यातलं लिंग काढलं न्हाय, सोमवार मोडला न्हाय, पाण्यात बुडी मारली न्हाय. एकदा पास्टर घरी आले तर त्यास्नीच शेंगाची चटणी बांधून दिली आन वाटंला लावलं. पण त्या समद्यातली एकच गोष्ट तिच्या मनात बसली — उटायची. तिचे गुडघे गेलते सर. पार गेलते. खाली बसली की आपलं आपण उटताच यायचं न्हाय तिला. अवो, हात द्या — दिवसातनं ईस येळा. भाकरी झाली, अवो हात द्या. पूजा झाली, अवो हात द्या. मी कधी छिन्नी टाकून पळायचो, कधी म्हणायचो थांब की जरा, अक्षर अर्धं हाय. आन ती थांबायची, तशीच, जमिनीवर.

एक दिवस मला म्हणली, अवो, मी गेले की मला बसवू नका. आडवी ठेवा, सिस्टरच्या लोकांसारकी. मी म्हणलं, का गं, देव बदलला? म्हणली, देव कशाला बदलू — बसलं की मला उटता येत न्हाय, तुमाला म्हाईत हाय की.

मी हसलो. व्हय म्हणलं. व्हय म्हणायला काय जातंय.

मोबाईल वाजतोय तुमचा. घ्या की. — न्हाय? बरं.

ती गेली, त्याला दोन वर्सं झाली. अक्कलकोटहून तिचा भाऊ आला, ईरप्पा, समदे भाऊबंद जमले, मठाचे स्वामी आले. मी तोंड उघडलं व्हतं सर, खोटं सांगत न्हाय — तिला आडवं, एवढंच म्हणलो. ईरप्पा समद्यांदेखत म्हणला, दाजी, ख्रिश्चनांच्या फरश्या बसवून बसवून डोकं फिरलं का तुमचं? पन्नास माणसं माज्याकडं बगायला लागली. आन मी — मी काय म्हणलं? काय न्हाय म्हणलं. बसवली तिला. मांडी घालताना गुडघे वाकंनात, तर दोघांनी धरून दाबले. जित्तेपणी त्या गुडघ्याला कुणी नुसतं बोट लावलं तरी ती माजा दंड धरायची. मी फुलं घेऊन उभा व्हतो, फुलंच धरून ऱ्हायलो.

आठ दिवसांनी तुमच्या आई आल्या. हितंच, ह्याच स्टुलावर. म्हणल्या, गुरुबसप्पा, आडवी ठेवली ना तिला? मी म्हणलं, व्हय सिस्टर, पाय पूर्वेला. लई बरं केलंत म्हणल्या, डोळे पुसले. दोन वर्सं रोज समोरनं जायच्या, हात करायच्या, आन मी मान खाली घालून कोरत बसायचो.

आता माजी पंचाईत बगा. तुमचं समदं खोटं असंल तर मी सुटलो, कुणाला कायबी कळणार न्हाय. आन खरं असंल — तर मी पुरा सापडलो. तरी बी रोज सकाळी वाटतंय, खरं असू दे. माजा इस्वास न्हाय हां ह्याच्यावर, गैरसमज करून घेऊ नका. पण तिच्या शेजारची जागा मी धरून ठेवलीय. आन त्याचा तरी काय उपेग? आमचे लोक मला बी बसवणारच. कर्णा वाजला, ती म्हणली अवो हात द्या, तर मी बी बाजूला मांडी घालून बसलेला, पंच्याहत्तरीचा म्हातारा. कोण कुणाला हात देणार?

सिस्टर हायत की. आमची रुद्रभूमी आन तुमचं कबरस्तान, मधी एकच भिंत, ती बी पडकी. जलमभर पेशंटच उचललेत त्यांनी, सवय हाय. म्हणून म्हणतोय, चार इंची नको. दीड इंची शाबादी फरशी घ्या. एका हातानं सरकंल, सिस्टरना येळ लागणार न्हाय.

असं काय बगताय? चिठ्ठी ठेवून जा, ‘पुनरुत्थान’ मी नीट कोरतो. आन संध्याकाळी प्रार्थना करता नव्हं तुमी — आईला एवढं सांगा, गुरुबसप्पा खोटं बोलला व्हता, सुंदरम्मा बसलेलीच हाय. जा आता. शटर अर्धं ओढून जा.