खोली आत्ताच गेली

सुप्रभा: पण पूर्ण नाव नको हं देऊ. इंग्लंडातलं एवढंसं शहर, एक कॅथेड्रल, एक हॉस्पिटल. उद्या मेट्रनच्या कानावर जायचं.

वरदा: मेट्रनला मराठी कळत नाही, आई.

सुप्रभा: कौन्सिलला तरी कुठे कळतं? मग रेकॉर्ड कशाला करतात, विचारलंस कधी? वर्णभेदाविरुद्ध नवा कायदा आलाय म्हणून हा रेस इक्वॅलिटी डे. आपण साड्या नेसून समोसे तळायचे, मेयरने खायचे, सोमवारी जो तो आपापल्या घरी. आणि समोसे आपले तरी आहेत का?

वरदा: या वर्षी समोसे नाही. लिसनिंग बूथ. टाउन हॉलमध्ये लोक हेडफोन लावणार, प्रत्येकाच्या भाषेत ऐकणार, त्याला इथे काय त्रास झाला. इंग्लिश खाली लिहिलेला असेल. मी कम्युनिटी सेंटरला प्रॉमिस केलंय. तिथे खूप नॉइज आहे म्हणून आपल्या किचनमध्ये आलो. तू फक्त चहा दे ना.

सुप्रभा: दिला की. ही मुलगी नर्स आहे म्हणालीस. नोकरीला काही झालं तर तुझं सेंटर येणार आहे का निस्तरायला?

ऋजुता: काही नाही होत, काकू. मी विचार करूनच आले. लाव गं मशीन.

वरदा: लाल लाइट आला. बोल.

— माझं नाव ऋजुता. मी इथे नर्स आहे. हॉस्पिटलचं होस्टेल महिनाअखेर बंद होऊन राहिलं, म्हणून खोली शोधते. पेपरात जाहिरात होती. फोन केला, बाई फार गोड बोलल्या. खोली मोकळी आहे, या म्हणाल्या. मी गेले. त्यांनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि

— आणि म्हणाली, खोली आत्ताच गेली.

— आई.

— अगं, तेच म्हणाली असणार.

— आई, तुझा आवाज आला त्यात. थांबवते.

सुप्रभा: मग काय चुकलं? म्हणाली ना तेच?

ऋजुता: तेच म्हणाल्या.

सुप्रभा: बघ. आम्ही आलो तेव्हा हेच ऐकत दारोदार हिंडलो. हिचे बाबा डॉक्टर, गळ्यात टाय, तरीसुद्धा. आणि आवाज किती मऊ असतो त्यांचा. सॉरी डिअर, खोली आत्ताच गेली. झोपेतून उठवून विचारलंस तरी म्हणून दाखवीन.

ऋजुता: मग तुम्ही काय केलं?

सुप्रभा: काय करणार? थँक यू म्हटलं, कोपऱ्यावर जाऊन रडले. तेव्हाच ठरवलं, आपलं घर झालं की आपल्या माणसाला दारातून परत पाठवायचं नाही. अगं, मग तू आमच्याकडेच ये की. वरदाने फ्लॅट घेतल्यापासून वरची खोली रिकामीच आहे.

ऋजुता: खरंच, काकू?

सुप्रभा: खरंच म्हणजे? शंकरपाळे घे. स्वयंपाकघर एकच आहे, पण तू आपल्यातलीच. नागपूरची ना? आडनाव काय तुझं? सांगितलंच नाहीस.

ऋजुता: तुम्हीच म्हणाल्या, पूर्ण नाव नको.

सुप्रभा: ते मशीनला गं. घरात काय लपवायचं?

ऋजुता: ऋजुता ज्ञानेश्वर लावते मी. वडिलांचं नाव. पासपोर्टवरही तेच आहे.

सुप्रभा: ते वडिलांचं झालं. पुढे?

ऋजुता: पुढे काही लावत नाही.

सुप्रभा: असं कसं? बरं, नागपुरात कुठे? धंतोली? आमच्या मंजिरीचं सासर आहे तिथे.

ऋजुता: इंदोरा.

सुप्रभा: इंदोरा. हं. आणि घरी सणवार वगैरे? तुमच्याकडे गौरी खड्यांच्या असतात की मुखवट्यांच्या?

वरदा: आई, हा इंटरव्ह्यू माझा आहे ना? गौरी मध्येच कुठून आली?

सुप्रभा: सहज विचारलं.

ऋजुता: सहज नाही, वरदा. काकू, खिडक्यांमधून काय डोकावून राहिल्या, सरळ दारातून या ना. आमच्याकडे गौरी बसत नाहीत. आम्ही बौद्ध. घरी बाबासाहेबांचा फोटो असतो. इथेही आहे, होस्टेलच्या खोलीत.

सुप्रभा: अगं, मी कुठे काय म्हटलं? आम्ही असलं काही मानत नाही. हिच्या बाबांचे तर कितीतरी... चहा गार झाला तुझा.

ऋजुता: पिते. मग रविवारी सामान आणू?

सुप्रभा: रविवारी.

ऋजुता: दोन बॅगा आहेत फक्त.

सुप्रभा: बॅगांचं नाही गं. काय झालं, माझ्या लक्षातच राहिलं नाही. आमची तनया यायची आहे कार्डिफहून. माझी भाची. तिला कबूल केलीय मी खोली.

वरदा: तनयाताई? ती तर पुण्याला मूव्ह झाली. फॉर गुड. आपण एअरपोर्टला सोडलं ना तिला.

सुप्रभा: परत येतेय. तुला सगळं सांगतात का?

वरदा: तू कधी बोललीस तिच्याशी?

सुप्रभा: आज सकाळीच. वरदा, उगाच मध्ये बोलू नकोस. ऋजुता, वाईट नको हं वाटून घेऊस. मी चौकशी करीन तुझ्यासाठी, तिकडे लंडनला, हॅरोत आमच्या ओळखीचे पुष्कळ आहेत.

ऋजुता: हॅरोहून रोज ड्यूटीला येऊ?

सुप्रभा: तसं नाही. पण इथली खोली गेलीच म्हण आता.

ऋजुता: वाईट नाही वाटलं, काकू. आवाज किती मऊ आहे तुमचा.

वरदा: आई.

सुप्रभा: काय आई? मी काय केलं?

ऋजुता: वरदा, मघाचं पुसून टाक. पहिल्यापासून सांगते.

वरदा: शुअर?

ऋजुता: लाव.

— माझं नाव ऋजुता ज्ञानेश्वर. मला खोली हवी होती. बाई फार प्रेमळ होत्या. त्यांनी बसवलं, चहा दिला, खायला दिलं. मग नाव विचारलं.

— अगं, त्या बाईने चहा कुठे दिला तुला? ऋजुता, तू कुठल्या बाईंबद्दल बोलते आहेस?

— आई, आता बोलू नको. रेकॉर्ड होतंय.