विषयाला सोडून

कानाच्या डॉक्टरांकडे माझा नंबर यायचा होता. शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या; थोरली डोळे पुसत होती. त्यांचे वडील आत कानाचं यंत्र बसवून घेत होते.

“ताई, तू ऑफिसात नक्की करतेस तरी काय?”

“लोक साइटवर वस्तूंबद्दल लिहितात ना, ते वाचून शिक्के मारते. चांगलं, वाईट. त्यावरून मशीन ठरवतं, कुणाला काय दाखवायचं.”

“त्यात रडण्यासारखं काय आहे?”

“मागच्या महिन्यात एकानं लिहिलं होतं, किटली चांगली आहे, पण चहा दोन कप होतो आणि आमची ही गेल्यापासून एक उरतो.”

“आणि?”

“मी शिक्का मारला, ‘विषयाला सोडून’. तसलं लिहिलेलं मग कुणालाच दिसत नाही. काल बाबा म्हणाले, मी किटलीवर लिहिलेलं गायब झालंय, बघ जरा.”

“अगं बाई! सांगितलंस त्यांना?”

“कुठल्या तोंडानं सांगू?”

दार उघडलं.

“झकास ऐकू येतंय गं पोरींनो! घरी गेल्यावर यावरही लिहितो.”

“बाबा, आधी मला सांगा ना.”

“तुला कुठे वेळ असतो? तिथं निदान कुणीतरी वाचतं.”