पॉलिक्रोनिसचं कोपर

प्राचीन शस्त्रविद्या मंडळाचे आजीव, आणि तब्येत बघता दीर्घजीवी, अध्यक्ष झाफिरिससाहेब. समोरच्या ताटातली लोकूमीची मिठाई संपत आली तरी व्यासपीठ न सोडणारे आपले आदरणीय पाद्री पापा-सोटिरिस. आजचे सत्कारमूर्ती, वस्तुसंग्रहालयातून नुकतेच निवृत्त झालेले पॉलिक्रोनिस. पंख्याखालच्या खुर्च्या वेळेवर पटकावलेल्या भगिनींनो आणि पळता यावं म्हणून दारातच उभ्या असलेल्या बंधूंनो,

हे भाषण औषधवाल्या स्ट्रातिसने करावं, असं मंडळाने एकमताने ठरवलं. एकमताने, म्हणजे दुसरं कुणी तयार नव्हतं. सत्कारमूर्ती आणि मी कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो, हे ठाऊक असूनही माझी निवड झाली. मंडळाची दूरदृष्टी यापूर्वीही आपण पाहिलेली आहे.

आमचं भांडण कशावरून? बांधावरून? ऑलिव्हच्या झाडावरून? छे! तेवढे व्यवहारी असतो तर काय हवं होतं! भांडण ढालीच्या डाव्या अर्ध्या भागावरून. पूर्वजांची ती मोठी गोल ढाल आपण सगळ्यांनीच उचलली आहे. मधल्या पट्ट्यात हात कोपरापर्यंत घालायचा, काठाची दोरी मुठीत धरायची. अर्धी ढाल आपल्याला झाकते, उरलेली अर्धी डावीकडच्या शेजाऱ्याला. मी म्हणायचो, पूर्वज असेच लढले, एकमेकांना झाकत. हे म्हणायचे, भाला अंगावर आला की प्रत्येकाचं कोपर आत येतं, शेजारी गेला खड्ड्यात. मग मारिगोच्या कॅफेत आमचा शास्त्रार्थ चालायचा, तोही मारिगोमार्फत.

"मारिगो, त्या गोळ्या विकणाऱ्याला सांग, माणूस संगमरवराचा नसतो."

"मारिगो, त्या मडकी पुसणाऱ्याला सांग, सगळ्यांची कोपरं त्याच्यासारखी नसतात."

"अरे मेल्यांनो," मारिगो म्हणायची, "एकाच टेबलावर बसलाय तुम्ही! आणि कॉफी थंड झाली तर मी परत करून देणार नाही."

शेवटी गेल्या शरदात मंडळाने शास्त्रीय प्रयोग ठरवला. शास्त्रीय प्रयोग म्हणजे आधी कोकराचं मटण, वर त्सिपुरोची कडक दारू आणि मग युद्ध. कापूस वेचून झालेलं शेत, शेजारी कोपाइदाचा कालवा. समोर पलीकडच्या गावची मंडळी, हातात टोकाला चिंध्या गुंडाळलेले बांबू. आपल्या रांगेत उजव्या टोकाची जागा मानाची, म्हणून तिथे अर्थातच अध्यक्ष. पॉलिक्रोनिसच्या डावीकडे उभं राहायला कुणी तयार होईना, कारण हे उभं राहण्यातल्या चुका काढतात. रांगेच्या डाव्या टोकाची ती जागा माझ्या वाट्याला आली.

बांबू आले. आणि मंडळी, काय सांगू तो पराक्रम! दोन ग्लास पोटात असताना पूर्वजांचं नाव घेणारी सगळी कोपरं एका क्षणात आत. ढाल आत ओढली, तरी उजवं अंग उघडंच राहिलं. मग जो तो उजवीकडच्या ढालीआड शिरू लागला. तो त्याच्या उजवीकडच्याआड, तो त्याच्याही पलीकडच्याआड. अख्खी रांग उजवीकडे सरकत गेली आणि मानाच्या जागेपलीकडे होता कालवा. अध्यक्षसाहेब, पाय घसरला असं आपण आजही सांगता. साहेब, आपल्याला संपूर्ण मंडळाने ढकललं. इतकी एकजूट मंडळात त्यापूर्वी दिसली नव्हती आणि नंतरही दिसली नाही.

मात्र पॉलिक्रोनिस सरकले नाहीत. त्यांच्या उजवीकडचे सगळे पाण्याच्या दिशेने गेले आणि शेतात उरलो आम्ही दोघं. चार बांबू माझ्यावर आले. माझं कोपर कुठे होतं, ते विचारू नका. भाषण मी करतोय, प्रश्नही मीच विचारणार. यांची अर्धी ढाल मात्र माझ्यासमोर जशीच्या तशी होती. पाचवा बांबू यांच्या उघड्या उजव्या खांद्यावर बसला. गळ्याखालचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ढाल हलली नाही.

रुग्णवाहिकेत मी विचारलं, मारिगोशिवाय विचारलं, "अरे, ढाल आत का नाही घेतलीस?"

"पट्टा अडकला होता," हे म्हणाले.

"म्हणजे तू चुकलास. माणूस शेजाऱ्याला झाकतो."

"एका अडकलेल्या पट्ट्यावरून सिद्धांत बदलत नाहीत, स्ट्रातिस. जास्त विचारायचं असेल तर मारिगोला विचार."

हाड जुळलं, बोलणंही सुरू झालं. पण पट्टा अडकला होता, यावर गृहस्थ आजवर ठाम आहेत. आणि आता गुरुवारी मुलीकडे मेलबर्नला निघालेत, कायमचे. तिकडे भिंतीवर टांगायला मंडळाने त्यांना हलकी, चकचकीत, प्लॅस्टिकची ढाल भेट दिली आहे. तिला पट्टाच नाही, त्यामुळे अडकण्याची चिंता मिटली.

मंडळी, परवा मी मंडळाच्या खोलीत गेलो आणि यांची जुनी ढाल हातात घातली. माझा हात यांच्यापेक्षा जाड. आत घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला, झटका देऊन पाहिला. पट्टा कुठेही अडकत नाही. पॉलिक्रोनिस, इतक्या लोकांसमोर सांगतो, तू धडधडीत खोटं बोलला आहेस. आणि तू जातो आहेस हे मला मुळीच आवडलेलं नाही.

पुढच्या प्रयोगात तुझ्या जागी मला उभं केलं आहे. डावीकडे आपली मारिगो असेल. काल तिने विचारलं, "स्ट्रातिस, तुझं कोपर बाहेर राहील ना रे?" आयुष्यभर टेबलावर मूठ आपटून मी सांगत आलो की राहतं. काल मात्र मी तिला म्हटलं, आधी कॉफी दे.

असो. अध्यक्षसाहेबांनी कोरडे राहून कार्यक्रमाला शोभा आणली, पापा-सोटिरिसांनी आशीर्वाद आणि ताट दोन्हींची काळजी घेतली, तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ ऐकून घेतलंत, सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाला टोचलं असेल तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. आणि पॉलिक्रोनिस, सांभाळून कसं घ्यायचं, ते जाण्याआधी मला एकदा शिकवून जा. बुधवारी सकाळी दोन्ही ढाली घेऊन मी शेतावर येतो.