शेवटी उतरणाऱ्याची सही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कार्यालयाचे प्रमुख, मुख्य कार्यालयातून वेळ काढून आलेले पाहुणे, व्यासपीठावरचे लेखा विभागाचे प्रमुख, कर्मचारी संघटनेचे कार्यवाह, माझे आजचे आणि पूर्वीचे सहकारी, आणि तिसऱ्या रांगेत बसलेली माझी घरची माणसं, सर्वांना नमस्कार.

आज एकतीस मार्च, शुक्रवार. सकाळी नऊ वाजून पन्नास मिनिटांनी मी हजेरीपटावर सही केली. साडेअकरापर्यंत प्रवासभत्त्याची चौदा बिलं तपासून पुढे पाठवली. बारा वाजता माझ्या जागी येणाऱ्या मुलीला कपाटांच्या किल्ल्या दिल्या आणि तिची सही घेतली. दुपारी डबा खाल्ला. तीन वाजता जिन्यात फोटो झाला. चार वाजता आपण सगळे इथे आलो.

मला भाषण करता येत नाही. कार्यवाहांनी आत्ताच सांगितलं, की चौतीस वर्षांत बाईंचा आवाज आम्ही ‘पावती जोडलेली नाही’ एवढ्यापुरताच ऐकला. तुम्ही हसलात, मलाही हसू आलं, कारण ते खरं आहे. म्हणून मी लिहून आणलंय. चार कागद आहेत. घाबरू नका, एकाच बाजूला लिहिलंय.

माझ्याबद्दल इथे पुष्कळ चांगलं बोललं गेलं. निरोपाच्या दिवशी माणसाचं वजन थोडं जास्तच भरतं, आणि आपलं कार्यालय तर वजनकाटे तपासणारं, तेव्हा तुम्हाला ते कळत असणारच. पण एक गोष्ट तीन वक्त्यांनी सांगितली: अधिकाऱ्यांचे पगार आणि प्रवासखर्च लोकांसमोर मांडणारी पहिली यादी बाईंनी केली. तेही खरं आहे. त्याच यादीबद्दल मला आज बोलायचंय.

नव्या मंडळींसाठी थोडं मागचं सांगते. बारा वर्षांपूर्वी आदेश आला, की प्रत्येक अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, महिन्याचा पगार आणि वर्षभराचा प्रवासखर्च दाराजवळच्या फलकावर आणि संकेतस्थळावर लावायचा. चार रकाने. आदेश वाचून तेव्हाच्या प्रमुखांनी विचारलं, “म्हणजे पानवाल्यालाही माझा पगार कळणार?” मी म्हटलं, “हो साहेब.” ते म्हणाले, “मग उधारी वाढवून देईल तो.”

यादी लागली त्या संध्याकाळी मला एक फोन आला. आपल्या भांडाराचे तेव्हाचे प्रमुख, ते आज इथे आहेत आणि त्यांनी मला हे सांगायची परवानगी दिलीय, त्यांच्या सौभाग्यवतींचा. “बाई, यादीतला आकडा एका महिन्याचा की दोन महिन्यांचा?” मी म्हटलं, एका. मग म्हणाल्या, “बरं झालं तुम्ही यादी लावलीत. सोळा वर्षं मी अर्ध्याच पगारात संसार करत होते.” दुसऱ्या दिवशी भांडारप्रमुख माझ्या टेबलाजवळून मान खाली घालून गेले. आठवडाभर त्यांच्या डब्यात भाजी नव्हती.

यादीचा असा उपयोग झाला. आणखीही झाला. एका अधिकाऱ्याच्या नावावर रविवारचे दौरे निघाले, ते बंद झाले. तेव्हा मी यादीच्या विरोधात बोलणार आहे, असं कोणी समजू नये. लोकांच्या पैशाने गाडी फिरते, तर ती कोणासाठी फिरली हे लोकांना कळलंच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच, की पहिल्या वर्षी ते कळलं नाही.

माझे यजमान याच कार्यालयात तपासणी अधिकारी होते. पंचाहत्तर टक्के सभागृहाला हे माहीत आहे, बाकीच्यांना सांगते. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले.

तेव्हा कार्यालयाला एकच गाडी होती. दौऱ्यावर चार अधिकारी निघायचे आणि प्रमाणित वजनांची पेटी सांभाळणारे एक मदतनीस. परत येताना हुद्द्याप्रमाणे उतरणं ठरलेलं. प्रमुख पहिले, मग दोन उपप्रमुख, मग मदतनीस. आमचं घर गाडीच्या शेडला लागून, म्हणून हे सगळ्यांत शेवटी. गाडी शेडमध्ये लागली, की चालकमामा लॉगबुक पुढे करायचे आणि म्हणायचे, “साहेब, शेवटी उतरेल त्याची सही.” हे सही करायचे. लॉगबुकात एक रकाना आहे, ‘वाहन वापरणारे अधिकारी’. तिथे ज्याची सही, त्याचं नाव. आणि ज्याचं नाव, त्याच्या खात्यावर गाडीचा दिवसाचा सगळा खर्च.

हा नियम नव्हता, पडलेली सवय होती. सगळ्यांना सोयीची होती. लॉगबुक कोणी वाचत नाही तोवर सही कोणाची, याला काय महत्त्व? मग यादीचा आदेश आला, आणि प्रवासखर्चाचा रकाना मी लॉगबुकांवरून भरला, कारण दुसरीकडे तो आकडा कुठेच नव्हता.

बेरीज झाली तेव्हा यांचं नाव सगळ्यांत वर होतं. प्रमुखांच्या सहापट.

मी घरी गेले. हे जेवायला बसले होते. मी म्हटलं, “अहो, उद्या यादी लावायचीय. तुमचा आकडा फार मोठा आलाय. गाडीत सगळे असतात, खर्च एकट्या तुमच्या नावावर पडलाय.”

“मग?”

“मग खाली एक टीप टाकते. गाडीत चार अधिकारी होते म्हणून.”

त्यांनी घास खाली ठेवला. “अगं, यादी करणारी तू, यादीतला मी. तुझ्या हाताने माझ्या नावापुढे एक टिंबसुद्धा जास्तीचं पडता कामा नये. उद्या कोणी म्हणेल, बायकोने झाकलं.”

“पण ते खोटं दिसतंय.”

“मग ज्यांना खरं माहीत आहे ते सांगतील की. गाडीत काय मी एकटा होतो?”

टीप न टाकता मी यादी लावली. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. फक्त शेवटचा भाग चुकला. कोणी सांगितलं नाही.

कोणाचा हेतू वाईट होता, असं मी म्हणत नाही. पहिल्यांदाच असे आकडे बाहेर आले होते. आपला आकडा लहान दिसतोय म्हटल्यावर माणूस गप्प बसतो. मी त्यांच्या जागी असते तर काय केलं असतं, मला माहीत नाही.

आठ दिवसांनी वर्तमानपत्रात चौकट आली, ‘काटे तपासायला फिरतात, की फिरायला काटे तपासतात?’ दुकानदार यांना ‘प्रवासी साहेब’ म्हणू लागले. एक जण काटा पुढे करताना म्हणाला, “लवकर आटपा साहेब, पुढची गाडी चुकायची.” माझी नणंद समोर बसली आहे. तिने फोन केला होता, “वहिनी, दादा एवढा गावभर फिरतो, मग बहिणीच्या दारात यायलाच काय गाडी पंक्चर होते?” ती थट्टेने बोलली. यांनी ती थट्टा हसून घेतली. या माणसाला गाडी लागायची, हे मात्र चालकमामांशिवाय फार कोणाला माहीत नव्हतं. दौऱ्याच्या दिवशी सकाळी हे काही खात नसत. खिडकीची काच खाली करून बसत.

चौकशी झाली. त्या वर्षीची बढती थांबली. अकरा महिन्यांनी पत्र आलं, ‘आक्षेपार्ह काही आढळले नाही.’ पत्र पाकिटात आलं. यादी मात्र भिंतीवर होती.

याहून मोठं नुकसान पुढे झालं, आणि ते कोणी ठरवून केलं नाही. यादी लागल्यावर सगळे सावध झाले. दुसऱ्या वर्षीपासून जो तो उतरताना आपली सही करू लागला. पद्धत सुधारली, चांगलं झालं. पण आज संकेतस्थळ उघडून कोणी बाराही याद्या ओळीने पाहिल्या, तर काय दिसतं? पहिल्या वर्षी एका अधिकाऱ्याचा खर्च डोंगराएवढा. बोभाटा झाला. दुसऱ्या वर्षी तो एकदम बाकीच्यांच्या बरोबरीला. वाचणारा काय समजेल? पकडला गेला आणि सुधारला. मी वाचणारी असते तर तेच समजले असते.

ऑगस्टमध्ये अंत्ययात्रेला आलेले एक ओळखीचे गृहस्थ माझ्या जावयाला म्हणाले, “पुष्कळ फिरले हो तुमचे सासरे. हौस भागवून गेले.” ते चांगल्या मनाने म्हणाले. जावयाने हात जोडले. मी शेजारी उभी होते. मीही हात जोडले.

त्या वर्षीची लॉगबुकं आपल्याच कार्यालयात आहेत. दौऱ्याला कोण कोण होतं, ते प्रत्येक पानाच्या मागे पेन्सिलीने लिहायची चालकमामांची सवय होती, दुपारी चहा किती सांगायचे ते कळावं म्हणून. म्हणजे पुरावा आहे. ते कपाट माझ्या खुर्चीपासून सहा पावलांवर, आणि किल्ली आज बारा वाजेपर्यंत माझ्या खणात होती. यांच्यासाठी मी ते एकदाही उघडलं नाही. कार्यालयाची किल्ली घरच्या कामाला वापरायची नाही, एवढंच मला कळतं.

मात्र लॉगबुकं बारा वर्षांनी नष्ट करतात. यंदा त्या वर्षीची पाळी आहे. नष्ट करायच्या कागदपत्रांची फाइल गेल्या महिन्यात माझ्याच टेबलावरून वर गेली. नियमाप्रमाणे मी तिच्यावर सही केली, शेरा लिहिला नाही. फाइल सध्या अध्यक्ष साहेबांकडे आहे. मी तिच्याबद्दल काही मागत नाही. ती आहे, एवढं सांगते.

अध्यक्ष साहेब तेव्हा इथे नवीन उपप्रमुख म्हणून आले होते. मला आठवतं, त्यांचं घर बाजाराच्या कोपऱ्यावर होतं आणि ते दुसरे उतरायचे.

कोण बोलतंय मागे? चालकमामा, तुम्ही? जरा मोठ्याने बोला, मला ऐकू येत नाही.

मामा म्हणतात, “चारही साहेब असायचे. मी सांगतो. कुठेही सांगतो.”

मामा, बसा. तुमचे गुडघे दुखतात, मला माहीत आहे. तुम्ही आज म्हणालात, मला फार बरं वाटलं. पण टाळ्यांमध्ये म्हटलेलं राहत नाही, ते कागदावर यावं लागतं. म्हणून तुम्हाला विचारतील, तेव्हा सांगा.

साहेब, आपण काही म्हणालात? माइक घ्या ना. नको? बरं, मीच सांगते. साहेब म्हणतात, “बाई, ती फाइल मी थांबवतो. मी होतो त्या गाडीत.”

आभारी आहे, साहेब. बारा वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. माझी एकच विनंती आहे, ते फाइलवर लिहा. इथे बोललेलं आपण उद्या विसरू शकता, मीही विसरू शकते. फाइलवरचं आपल्या जागी येणाऱ्या माणसालाही वाचता येतं.

चौथा कागद आला. आता आभार.

माझ्या चुका सांभाळून घेतल्याबद्दल लेखा विभागाचे आभार. हिवाळ्यात माझ्या टेबलाकडची खिडकी आठवणीने बंद करणाऱ्या सफाईच्या ताईंचे आभार. ऑगस्टनंतर मला काहीही न विचारता रोज माझ्याबरोबर डबा खाणाऱ्या तिघींचे आभार, त्यांना कळेल मी कोणाबद्दल बोलते. मुख्य कार्यालयाच्या पाहुण्यांना परतीचा लांबचा प्रवास आहे, तरी ते थांबले, त्यांचे आभार. निरोपाच्या कार्यक्रमात जे बोलू नये ते मी बोलले. कोणाला अवघडल्यासारखं झालं असेल, तर वयाने मोठी म्हणून नव्हे, जुनी सहकारी म्हणून मला क्षमा करा. बिलं परत पाठवताना कधी कोणाला टोचून बोलले असेन, तर तेही आजच माफ करून टाका.

आज साडेपाचनंतर मी इथली कर्मचारी नाही. यादी वाचणारी कोणीही एक बाई आहे. पहिल्या वर्षीच्या लॉगबुकांच्या नकला मिळाव्यात, दोन्ही बाजूंच्या, आणि त्या यादीखाली खुलासा लावावा, असा अर्ज मी काल घरी लिहून ठेवला आहे. मुलगी म्हणते, “आई, मी येते तुझ्याबरोबर.” तिला नको म्हटलंय. तुम्हालाही सांगते, सोमवारी मी दिसले तर मला आत बोलवू नका, खुर्ची देऊ नका, चहा सांगू नका. साडेदहाला बाहेरची खिडकी उघडते. मी रांगेत उभी राहीन. नंबर आला, की अर्ज आत सरकवीन, पोच घेईन, तारीख बरोबर पडली आहे ना ते बघेन, आणि घरी जाईन.