बाबांची दाढ

दातांच्या सामानाच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे बाप-लेक उभे होते, दोघंही दातांचे डॉक्टर.

"बाबा, तुमच्या दाढेला हा क्लॅम्प घेऊ?"

"नको. दाढ अर्धी तुटलीय, हा सटकेल. खाली वळलेल्या टोकांचा घे, हिरडीलगत धरेल."

"म्हणजे दाढ काढायची नाही, मी रूट कॅनालच करायचं, ठरलं?"

"चाळीस वर्षं लोकांच्या उपटल्या. स्वतःच्या दाढेत जीव अडकला बघ."

"माझा हात थरथरला तर?"

"थरथरू दे. मी चकार शब्द काढणार नाही."

"तुम्ही?"

"क्लॅम्प लावून तोंडावर रबराचा पडदा ताणलास की बोलणार कसा? म्हणून आत्ताच सांगतो, क्लॅम्पला दोरा बांध. निसटला तर गिळेन."

"बांधते. अजून काही?"

"आहे ना. रांग मोठी आहे."