पाचवी खाण

मंडळी, एक विचारतो. देवानं जीव चार खाणींत घडवले — आईच्या पोटातल्या वारेतून आले ते जारज, अंड्यातून आले ते अंडज, घामाओलीतून निपजतात असं जुन्यांनी मानलं ते स्वेदज, अन् माती फोडून वर आले ते उद्भिज. चारच! मग पाचवी खाण काढली कुणी?

ऐका! करंजगावात हरबाजी गुरव राहायचे. दर अमावस्येला भर दुपारी नैवेद्याचे वाटे काढायचे. गाईला जारजांचा, कावळ्याला अंडजांचा, मुंग्यांना स्वेदजांचा — अन् उद्भिजांच्या नावानं तुळशीला तांब्याभर पाणी! एखादा वाटा राहिला, तर स्वतः उपाशी! असा नेमाचा माणूस आहे का इथं? हात वर करा! ...राहू द्या, राहू द्या.

त्यांना एकच लेक, मथुरा. तिनं परजातीतला नवरा केला. हरबाजींनी दार लावलं — तीन वर्षं!

मग एका अमावस्येला ते पत्रावळ घेऊन गोठ्यात गेले, तर गाभण कपिलेपाशी मथुरा बसलेली! आठवा महिना. पहिलं बाळंतपण, मंडळी! लेक माहेरी नाही येणार, तर जाईल कुठं?

हरबाजींनी तिच्या पोटाकडं पाहिलं. पण जीभ कडूच! "गाईचा वाटा आहे. बाजूला हो."

मथुरा सरकली. मग हळूच म्हणाली, "आबा, खाणी तुम्हीच पाठ करून घेतल्यात माझ्याकडून. कपिलेच्या पोटातलं कोणत्या खाणीतलं?"

"जारज."

"अन् माझ्या पोटातलं?"

बोला! काय सांगावं बापानं?

चाळीस वर्षं मुंगीचा वाटा चुकवला नव्हता त्यांनी. आता पत्रावळ खाली ठेवली. "जारजच गं, पोरी!" म्हणाले, अन् तिच्याशेजारी बसले. "वाटे करताना मीच चुकलो!" पोळी मोडली. अर्धी कपिलेला, अर्धी लेकीच्या हातावर. "चल घरात. तुझ्या आईनं बाळंतिणीची खोली कधीची सारवून ठेवलीय. मला कळलं नाही, असं वाटतं तिला!"

मंडळी, आता शाळेत पोरं सजीवांचे पाच गट शिकतात. भाकरीवरच्या बुरशीलाही शास्त्रानं स्वतंत्र घर दिलंय. बुरशीला! अन् आपण पोटच्या पोरीला 'परकी' म्हणतो. हीच ती पाचवी खाण, तुमच्या-माझ्या दाराच्या कडीनं काढलेली. तुमच्या कडीबाहेर कोण थांबलंय, तुम्हाला ठाऊक आहे. आधी मनात त्याचं नाव घ्या. मग माझ्याबरोबर देवाचं घ्या.