दोरा कोणाचा?

तुमच्या शाळेत आठवीचा विषय कोणी निवडला होता गं? आमच्या सिल्वासाच्या मराठी शाळेत तो सरच निवडायचे. मुलांना वीजकाम, मुलींना शिवण. माझ्या हातात अर्ज आला तेव्हाच त्यावर ‘शिवण’ लिहिलेलं होतं. वडिलांची सही तेवढी आणायची होती.

मी म्हटलं, “सर, मला वीजकाम हवंय.”

“कशाला? घरी फ्यूज उडाला तर नवरा असेलच की!”

सगळा वर्ग हसला. मी जागेवर बसले नाही.

“बरं, वडिलांकडून लिहून आण,” सर म्हणाले. “तेही नाहीच म्हणतील.”

माझे वडील, म्हणजे आमचे आबा, धुळ्याकडचे, जवळच्या खडोली गावात धाग्याच्या कारखान्यात कामाला होते. संध्याकाळी ते पाळीला निघताना मी अर्ज पुढे केला, तर खरंच नाही म्हणाले. “पोरी, वायरी पोरांनी जोडाव्या. तू सुईदोरा शीक.”

मी विचारलं, “आबा, कारखान्यात दोरा तुटला की कोण जोडतं?”

“आम्हीच.”

“तुमच्या खात्यात बायका किती?”

“एकही नाही.”

“मग दोरा बायकांचा कसा?”

स्टोव्हपाशी बसलेली आई खुदकन हसली. आबा चपला घालू लागले. मी अर्ज त्यांच्या डब्याच्या पिशवीत घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा पाळीवरून थेट शाळेत आले. केसांत धाग्याचे तंतू तसेच होते. सरांच्या समोर त्यांनी ‘शिवण’ खोडलं, ‘वीजकाम’ लिहिलं आणि खाली सही केली.